शेवटची नोट

एखादा प्रसिद्ध माणूस मुलाखतीत सांगतो, ‘पडत्या काळात खिशात शेवटची नोट उरली होती, ती मी एका म्हातारीच्या हातावर ठेवली.’ ऐकणाऱ्यांत लगेच दोन तट पडतात. कुणाचे डोळे पाणावतात, कुणी म्हणतं, चमकोगिरी! पण खरं की ढोंग हे ठरवताना आपण तिसऱ्याला विसरतो, सांगणाऱ्याच्या स्मरणशक्तीला.

अमेरिकेत विरोधी पक्षाच्या कचेरीतली घुसखोरी आणि ती दडपण्याचा कट, म्हणजे वॉटरगेट प्रकरण. त्यात १९७३ साली अध्यक्ष निक्सन यांचे माजी कायदेशीर सल्लागार जॉन डीन यांनी सिनेटच्या समितीपुढे निक्सन यांच्याशी झालेल्या भेटी इतक्या बारकाईने सांगितल्या की त्यांना ‘मानवी टेपरेकॉर्डर’ म्हटलं गेलं. पुढे निक्सन यांच्या कार्यालयातल्या संभाषणांच्या खऱ्या टेप्स बाहेर आल्या. मानसशास्त्रज्ञ उल्रिक नायसर यांनी १९८१मध्ये टेप आणि जबानी शेजारी ठेवून पाहिली. १५ सप्टेंबर १९७२च्या भेटीत निक्सन यांनी आपल्याला बसायला सांगितलं, असं डीन म्हणाले होते. टेपवर ते नव्हतंच. त्यांना आठवणारे कौतुकाचे शब्दही त्या जागी सापडेनात. कटाचा गाभा मात्र त्यांनी बरोबर सांगितला होता. डीन खोटं बोलत नव्हते; आठवणीत त्यांची खुर्ची जरा पुढे सरकली होती, एवढंच.

दानतीचंही तसंच. २०२०मध्ये ‘नेचर कम्युनिकेशन्स’ या विज्ञान नियतकालिकात आलेल्या प्रयोगांत लोकांना पैसे वाटायला दिले आणि नंतर विचारलं, तुम्ही समोरच्याला किती दिले? अचूक उत्तराला बक्षीस असूनही अनेकांना आपण दिले त्याहून जास्त आठवले. आणि हे कुणाच्या बाबतीत? मुख्यतः ज्यांनी स्वतःच्याच मते योग्य असलेल्या वाट्याहून कमी दिलं होतं त्यांच्या. बोचणी मनाला होती, हिशेब आठवणीने जुळवला.

ऐकणारेही काही धुतल्या तांदळासारखे नसतात. येल विद्यापीठातल्या न्यूमन आणि केन यांच्या २०१४च्या अभ्यासात लोकांना दोन गोष्टी सांगितल्या: एकजण आवडत्या मुलीच्या जवळ राहायला मिळावं म्हणून बेघरांच्या निवाऱ्यात राबतो, दुसरा त्याच कारणासाठी कॉफीच्या दुकानात. लोकांनी नैतिकदृष्ट्या कमी लेखलं ते पहिल्यालाच! बेघरांच्या वाट्याला काहीतरी आलं, हे कुणी मोजलंच नाही.

म्हणून अशी गोष्ट कानावर आली की मी हेतू शोधत बसत नाही. जमलं तर त्याच माणसाची दहा-पंधरा वर्षांपूर्वीची मुलाखत शोधतो. नोट तेव्हाही असते, म्हातारीही असते. फक्त ‘शेवटची’ हा शब्द तेव्हा होता का, एवढं पाहतो.