मस्ट, शुड, हॅव टु: इंग्रजीत एवढे 'पाहिजे' आले कुठून

'करायला पाहिजे' एवढंच म्हणायचं तर मस्ट, शुड, ऑट टु, हॅव टु, नीड टु, सपोज्ड टु एवढी फौज कशाला, असं इंग्रजी शिकणारे वैतागून विचारतात. हे कोणी ठरवून केलेलं नाहीये, एक शब्द झिजला की दुसरा आला आणि जुना काही घर सोडून गेला नाही, एवढंच.

सुरुवात उधारीतून आहे. जुन्या इंग्रजीत शॅलच्या पूर्वजाचा एक अर्थ होता देणं लागणे, जर्मनमधे त्याच मुळाचा शुल्ड अजून म्हणजे कर्ज पण आणि दोष पण. शुड हे शॅलचंच भूतकाळी रूप. आणि ऑट हे 'ओ'चं, म्हणजे देणं असणे याचं, जुनं भूतकाळी रूप, तो 'ओ' आधी मालकी असणे या अर्थाचा होता म्हणून ओन पण त्याच घरातला. मस्ट मात्र भलताच निघाला, त्याचं मूळ क्रियापद मोटन आणि अर्थ चक्क परवानगी असणे! त्याचं भूतकाळी रूप वर्तमानात येऊन बसलं, मूळ रूप मेलं, आणि आता मस्टला स्वतःचा भूतकाळच उरला नाही, म्हणून काल करावं लागलं हे सांगायला हॅड टु लागतं. हॅव टु स्वतः तसा गरीब, 'माझ्याकडे लिहायचं पत्र आहे' या साध्या रचनेतून सरकत 'मला पत्र लिहायचंय' झालं.

मधे व्याकरणवाले आले. जॉन वॉलिसने 1653 मधे लॅटिनमधून लिहिलेल्या इंग्रजी व्याकरणात नियम दिला की आय बरोबर शॅल म्हणजे नुसतं भविष्य, पण यू किंवा ही बरोबर शॅल म्हणजे वचन नाहीतर धमकी. शाळांनी तो पुढे शेकडो वर्षं घोटून घेतला, फुकट छळ खरं तर.

1961 आणि 1990 च्या आसपासच्या छापील मजकुरांची तुलना केली तर मस्ट, शॅल, ऑट तिन्ही घसरलेले दिसतात आणि नीड टु वर चढलेला, हुकमापेक्षा गरज सांगणं लोकांना सोयीचं वाटत असावं. उलट इंटरनेटच्या तांत्रिक नियमांत ढिलाई चालत नाही, म्हणून 1997 च्या आरएफसी 2119 या इंटरनेटच्या नियम-दस्तऐवजात मस्ट म्हणजे सक्तीच आणि शुड म्हणजे ठोस कारण असेल तरच सूट, असं लिहूनच टाकलंय.

सपोज्ड टु सगळ्यात धूर्त. 'असं मानलं जातं' पासून 'अशी अपेक्षा आहे' वर आला, पण अपेक्षा कोणाची ते सांगतच नाही, आणि यू वेअर सपोज्ड टु कॉल म्हटलं की बहुतेक वेळा फोन आलेला नसतो.