लाईन आहे का, हे हात लावून पाहू नका

ग्राहक बंधू-भगिनींनो,

मोटर भरायला, स्टार्टर दुरुस्तीला किंवा कूलर घेऊन आमच्या दुकानात येणारे बरेच जण सहज सांगून जातात, "उलटा हात लावून पाहिला ना भाऊ, लाईन होती." हे पत्रक त्या एका वाक्यापायी छापलं आहे.

उलट्या हाताची युक्ती अगदीच हवेतली नाही. करंटने स्नायू आखडतात, आणि मूठ मिटवणारे स्नायू मूठ उघडणाऱ्यांपेक्षा दणकट असतात. म्हणून तळहातात आलेली तार सुटत नाही आणि उलटा हात बाजूला फेकला जातो. पण हात फेकला गेला याचाच अर्थ करंट अंगातून गेला. घरची लाईन २३० व्होल्टची. कातडी कोरडी असली तर बराच अडथळा करते. ओल्या, घामेजल्या अंगाचा रोध मात्र १,००० ओहमच्या आसपास येऊ शकतो. २३० भागिले १,००० म्हणजे २३० मिलिअँपिअर. साधारण १० ते १५ मिलिअँपिअरला हातातली तार सोडवत नाही. ५० ते १०० मिलिअँपिअर छातीतून गेला तर हृदयाचे ठोके बिघडून माणूस जागीच जाऊ शकतो.

"आमच्या घरी एमसीबी (करंट जास्त झाला की आपोआप पडणारा खटका) आहे" म्हणून निर्धास्त राहू नका. १६ अँपिअरचा एमसीबी वायर जळू नये म्हणून असतो. माणसातून जाणारा पाव अँपिअर त्याच्या खिजगणतीतही नाही. माणसासाठी ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी, म्हणजे करंट जमिनीत गळू लागला की लाईन तोडणारा खटका, लागतो. त्यावरचं टेस्ट बटण महिन्यातून एकदा दाबा. खटका पडला नाही तर बदलून घ्या. तोही फेज (जिवंत तार) आणि न्यूट्रल (परतीची तार) एकदम धरणाऱ्याला वाचवत नाही, हे ध्यानात असू द्या.

टेस्टरवर किती भरवसा ठेवायचा?

टेस्टरमध्ये छोटा निऑन दिवा आणि एक मोठा रेझिस्टर असतो. तुम्ही मागच्या टोपीला बोट लावता तेव्हा अगदी बारीक करंट तुमच्याच अंगातून जमिनीत जातो आणि दिवा पेटतो. म्हणजे तपासणीच्या वाटेत तुम्ही स्वतः उभे असता. गमबूट घालून किंवा कोरड्या लाकडी स्टुलावर उभे राहिलात तर दिवा मिणमिणतो. वावरात, भर दुपारच्या उन्हात, पेटलेला असला तरी दिसत नाही. आणि आपण म्हणतो, "लाईन नाही, खोल पेटी." उलटही होतं: न्यूट्रल तुटलेला असला तर पंखा बंद, पण सॉकेटच्या दोन्ही छिद्रांत टेस्टर पेटतो. पावसात भिजलेला टेस्टर तर हातात घेऊच नका.

होल्डरला दोन वायर जोडून केलेला बल्बही तितकाच फसवा. मोटरच्या पेटीत दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट असतात. २३० चा बल्ब तिथे तोंडासमोर फुटू शकतो. तार घासून ठिणगी पाहणाऱ्यांशी आम्ही वाद घालत नाही, फक्त डोळे सांभाळा म्हणतो.

मग करायचं काय? मेन स्विच पाडा. तिन्ही किटकॅट (फ्यूज) काढून खिशात ठेवा. एकच काढला तर मोटर बंद दिसली तरी बाकीच्या दोन तारा जिवंतच राहतात. मल्टिमीटर एसीच्या ६०० किंवा ७५० वर ठेवा, लाल वायर अँपिअरच्या भोकात नाही ना ते बघा. आधी जिथे लाईन नक्की आहे तिथे मीटर लावून तो चालू असल्याची खात्री करा. मग कामाच्या जागी फेज-फेज, फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ असं तपासा. नंतर पुन्हा चालू जागेवर लावा, मधेच मीटर बिघडला नाही ना म्हणून. वेळ लागतो, लागू द्या.

लोडशेडिंगच्या वेळी "लाईन गेली आहे" म्हणून स्टार्टर उघडणं सगळ्यात वाईट. लाईन कधीही येते, आणि ऑटो स्विच लावलेला असेल तर मोटर कोणाला न विचारता सुरू होते. डीपीवरचा (ट्रान्सफॉर्मरवरचा) डीओ, म्हणजे वरचा मोठा फ्यूज, उडाला तर बांबूने स्वतः टाकू नका. वरच्या बाजूला ११,००० व्होल्टही असू शकतात. १९१२ वर फोन करा. डुकरांसाठी कुंपणात थेट लाईन सोडायला कोणी आमच्याकडे वायर मागितली तर आम्ही देत नाही.

कूलर

मार्चअखेर माळ्यावरून उतरलेले कूलर उघडले की एकच दृश्य दिसतं: अर्थची हिरवी वायर आतून कापून टेपने गुंडाळलेली, प्लगची मोठी पिन मोडलेली. सॉकेटमध्ये बसत नव्हती, हे कारण. मग पंपाची वायर पत्र्याला घासली की अख्खी टाकी करंट मारते. पाणी टाकताना नुसतं बटण नको, प्लगच काढा. अर्थिंगच्या खड्ड्यातही उन्हाळ्यात पाणी टाकत जा. काळी माती सुकून भेगाळली की अर्थिंग नावापुरतं उरतं.

कोणी चिकटला तर त्याला हात लावू नका. मेन पाडा, ते जमत नसेल तर कोरड्या लाकडाने तार बाजूला करा. हे घरच्या लाईनपुरतंच. डीपीच्या किंवा मोठ्या तारेच्या जवळही जाऊ नका. श्वास थांबला असेल तर छाती दाबायला लागा आणि दुसऱ्याला १०८ लावायला सांगा.

दुरुस्तीला कूलर आणताना वायर आणि प्लग जोडूनच आणा. अर्थ वायर जोडल्याशिवाय आम्ही कूलर परत देत नाही, मग घाई कितीही असो.