'दॅन आय' की 'दॅन मी': एका जुन्या भांडणाची पार्श्वभूमी

'ही इज टॉलर दॅन मी' असं लिहिलं की अजूनही कुणीतरी लाल पेन उघडतं आणि 'मी' खोडून 'आय' करतं. (हे 'मी' इंग्रजीतलं, म्हणजे आपलं 'मला'.) खोडणाऱ्याला वाटतं, आपण फार प्राचीन नियम राखतोय. तो नियम अठराव्या शतकातला आहे.

भांडण आहे ते 'दॅन' कुठल्या जातीचा शब्द, यावरून. उभयान्वयी म्हणायचा तर त्याच्यापुढे अख्खं वाक्य येतं आणि त्याचं शेपूट आपण गिळतो: 'दॅन आय अ‍ॅम'मधलं 'अ‍ॅम' बोललं नाही, तरी 'आय' राहायला हवा. शब्दयोगी म्हणायचा तर पुढे 'मी'च येणार. आपल्याला हा पेच कळायला जड जातो, कारण 'पेक्षा' सरळ सामान्यरूपाला चिकटतो आणि 'मीपेक्षा' कुणी म्हणत नाही.

'दॅन' आणि 'देन' हा मुळात एकच शब्द. त्यांची स्पेलिंगं सुमारे १७०० पर्यंत कुठे कायमची वेगळी झाली. त्याआधीचे लोक 'दॅन'नंतर दोन्ही रूपं बिनदिक्कत वापरत. १६११ च्या इंग्रजी बायबलमध्ये मूर्खाचा राग दगड आणि वाळूपेक्षाही जड असतो असं म्हणताना 'दॅन देम बोथ' आहे, 'दॅन दे' नाही.

मग १७६२ मध्ये एका धर्मगुरूचं व्याकरण आलं. 'दॅन'नंतरची विभक्ती गाळलेल्या क्रियापदावरून ठरवायची, असं त्यात सांगितलं होतं. लॅटिन मुरलेल्यांना ते लगेच पटण्यासारखं होतं. तिथे 'क्वाम'च्या, म्हणजे लॅटिनमधल्या 'दॅन'च्या, दोन्ही बाजूंना एकच विभक्ती असते. पण त्याच पुस्तकात 'दॅन हूम'ला सूट होती. नियमाप्रमाणे 'दॅन हू' व्हायला हवं, पण ते कानाला इतकं खटकतं की नियमकर्त्यानेही माघार घेतली. ही माघार १७६५ च्या दुसऱ्या एका व्याकरणकाराने पकडली: 'हूम' चालतं, तर 'दॅन' शब्दयोगीही आहेच की! माझ्या मते वाद तिथेच संपायला हवा होता. शाळांनी मात्र पहिलंच पुस्तक उचललं.

नियमाच्या बाजूचा एक मुद्दा खरा आहे. 'शी लाइक्स हिम मोअर दॅन आय' आणि 'दॅन मी' यांत अर्थ बदलतो. पहिल्यात मला तो कमी आवडतो, दुसऱ्यात तिला मी कमी आवडतो. 'तिला माझ्यापेक्षा तो जास्त आवडतो' या मराठी वाक्यातही दोन्ही अर्थ दडलेले आहेत. पण बोलताना घोळ होतोय असं वाटलं तर इंग्रज माणूस 'दॅन आय डू' म्हणून मोकळा होतो. २००२ सालच्या एका जाडजूड इंग्रजी व्याकरणाने तर 'दॅन'ला सरसकट शब्दयोगींच्याच गटात बसवलं, पुढे वाक्य असो वा नसो.

क्रियाविशेषणांवरही त्याच काळात असाच हात फिरला. जुन्या इंग्रजीत विशेषणाला नुसता 'ए' लावला की क्रियाविशेषण होई. पुढे शेवटचा 'ए' झडला आणि 'फास्ट', 'हार्ड' दोन्हीकडे सारखेच उरले. 'ली'ची गंमत वेगळी. 'लिच' विशेषण घडवायचा, 'लिचे' क्रियाविशेषण. दोन्ही झिजून 'ली' झाले. म्हणून 'फ्रेंडली' विशेषण आणि 'क्विकली' क्रियाविशेषण, शेपूट मात्र एकच. अठराव्या शतकातल्या पंडितांना 'ली' नसलेलं क्रियाविशेषण म्हणजे अर्धवट काम वाटू लागलं. 'ड्राइव्ह स्लो' चूक ठरलं, आणि त्याच न्यायाने 'ड्राइव्ह स्लोअर'च्या जागी 'मोअर स्लोली' आलं. वास्तविक 'स्लो' त्या पंडितांच्या कितीतरी आधीपासून क्रियाविशेषण म्हणून वावरत होता.

'हार्ड'ला मात्र कुणी 'ली' जोडू शकलं नाही, कारण 'हार्डली' तोवर भलत्याच अर्थाला लागला होता: 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो राबतो, 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे कामाला जेमतेम हात लावतो.