नवा मासा, नवं पाणी: टाकीत सोडण्याआधी एवढं वाचा

आमच्याकडून मासा नेणाऱ्या प्रत्येकाला आम्ही हा कागद देतो. फोन येतात ते बहुतेक पहिल्या आठवड्यात: "काल छान पोहत होता, आज तळाशी बसलाय." अशा वेळी बरेचदा मासा आजारी नसतो, त्याचं पाणी एकदम बदललेलं असतं.

गोड्या पाण्यातल्या माशाचं रक्त भोवतालच्या पाण्यापेक्षा खारट असतं. त्यामुळे कल्ल्यांच्या पातळ त्वचेतून पाणी सारखं आत झिरपतं आणि अंगातले क्षार बाहेर निसटतात. म्हणून तो पाणी जवळजवळ पीतच नाही. आत आलेलं पाणी भरपूर पातळ लघवीवाटे काढून टाकतो आणि कल्ल्यांतल्या खास पेशींनी क्षार पुन्हा ओढून घेतो. समुद्रात सगळं उलट. तिथे लिटरमागे साधारण 35 ग्रॅम क्षार, माशाच्या रक्तात त्याच्या तिसऱ्या हिश्श्याएवढे. म्हणून बांगडा समुद्राचं पाणी पितो आणि जादा मीठ कल्ल्यांतून बाहेर टाकतो. मॉली या टाकीतल्या माशाला तर दोन्हीकडे राहता येतं, पण कल्ल्यांचं काम बदलायला तिलाही काही दिवस लागतात. नळाच्या पाण्यातला मासा थेट बोअरच्या जड, म्हणजे जास्त क्षारांच्या पाण्यात ओतलात, तर त्याला ती सवडच मिळत नाही.

म्हणून बंद पिशवी आधी वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवा, म्हणजे तापमान जुळेल. मग पिशवी उघडून दर पाच मिनिटांनी टाकीतलं वाटीभर पाणी तिच्यात घाला. अर्ध्या-पाऊण तासाने मासा जाळीने उचलून सोडा. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नका. प्रवास सहा-सात तासांचा झाला असेल तर मात्र पिशवी उघडल्यावर फार वेळ लावू नका. बंद पिशवीत माशाने सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडने पाणी आम्लधर्मी होतं आणि त्यात साठलेला अमोनिया बराचसा निरुपद्रवी रूपात राहतो. पिशवी उघडली की तो वायू उडून जातो आणि तोच अमोनिया विषारी होतो.

फायटर (बेट्टा) मासा अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेतो, त्याने घाबरू नका. त्याच्या कल्ल्यांच्या वर घड्याघड्यांचा एक अवयव असतो, त्याने तो थेट हवेतला प्राणवायू घेतो. थायलंडच्या साचलेल्या, उथळ पाण्यात तो याच बळावर जगतो. टाकी काठोकाठ भरू नका, वर चार बोटं जागा ठेवा. पण गोल्डफिश तोंड वर काढून सारखा धापा टाकत असेल तर लगेच एअर पंप लावा. 20 अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे 9 मिलिग्रॅम प्राणवायू मावतो, 30 अंशांना साडेसातच. आणि उन्हाळ्यात माशाची गरज उलट वाढलेली असते. रात्री वनस्पतीही प्राणवायू वापरतात, त्यामुळे मे महिन्यात पंप रात्री बंद करू नका, ही आमची कळकळीची विनंती आहे.

टाकीतल्या वनस्पतींनाही नव्या पाण्याशी जुळवून घ्यावं लागतं. नर्सरीत बरीच रोपं मुळं ओली, पानं हवेत अशी वाढवतात. त्या पानांवर मेणचट थर असतो, हवा घ्यायला छिद्रं असतात. पाण्याखाली ही पानं निकामी ठरतात. तिथे कार्बन डायऑक्साइड अंगातूनच शोषणारी पातळ, मऊ पानं लागतात. भाजीची कमळकाकडी आडवी कापून पाहा, त्यातली भोकं म्हणजे चिखलात हवा पोचवणाऱ्या नळ्या. पाण्यात राहायचं तर शरीर असं घडवावं लागतं. क्रिप्टो (क्रिप्टोकोराइन) या टाकीतल्या रोपाची पानं आठवडाभरात विरघळली तर कुजलेली तेवढी कापून काढा, नाहीतर अमोनिया वाढेल. मूळ उपटू नका. महिनाभरात नवा कोंब दिसला नाही तर रोप ओल्या कागदात गुंडाळून दुकानात घेऊन या.