आर्नोकाठची चिता आणि आपली दाहिनी

कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) इंग्लंडचा दौरा आटोपून परत येत होते. ३० नोव्हेंबर १८७० रोजी वाटेतच, फ्लॉरेन्समध्ये, ते गेले. वय जेमतेम वीस. फ्लॉरेन्स तेव्हा इटलीची राजधानी होती आणि त्या कॅथलिक शहरात माणसाला पुरायचं असतं, जाळायचं नसतं, हे सगळ्यांनी धरलेलं होतं. महाराजांसोबतच्या मंडळींनी दहनाची खास परवानगी मिळवली. कॅशिने उद्यानाच्या टोकाला आर्नो आणि मुन्योने या दोन नद्या मिळतात. तो संगम पाहून तिथे रात्री सरण रचलं गेलं. पुढे १८७४ मध्ये त्याच जागी स्मारकाची छत्री उभी राहिली, तिच्याखाली महाराजांचा रंगीत अर्धपुतळा आहे. जवळच्या पुलाला फ्लॉरेन्सकर आजही ‘भारतीयाचा पूल’ म्हणतात.

पंचगंगा हजारो मैलांवर, तरी त्या माणसांनी संगम शोधला. काय सोडता येईल आणि काय सोडायचं नाही, हे परक्या गावात, थोड्या तासांत त्यांना ठरवावं लागलं. आजही घरात माणूस गेलं की हाच प्रश्न पुढे उभा राहतो.

दहनाची बंद भट्टी त्याच काळात, त्याच देशात आकाराला येत होती. पादुआचे प्राध्यापक ब्रुनेटी यांनी १८७३ च्या व्हिएन्ना प्रदर्शनात आपली भट्टी आणि तिच्यातून निघालेली राख मांडली. ती पाहून व्हिक्टोरिया राणीचे शल्यवैद्य हेन्री थॉम्पसन यांनी १८७४ मध्ये इंग्लंडात दहन-सभा काढली. तिकडच्या दाटीवाटीच्या दफनभूमींमुळे रोगराई पसरते, हा त्यांचा मुख्य मुद्दा. १८७६ मध्ये मिलानची दाहिनी सुरू झाली. इंग्लंडातल्या वोकिंगची दाहिनी बांधून तयार होती, पण पहिलं दहन व्हायला १८८५ उजाडलं. त्याच्या आदल्या वर्षी डॉ. विल्यम प्राइस यांच्यावर आपल्या मरण पावलेल्या तान्ह्या मुलाला जाळायला निघाल्याबद्दल खटला झाला आणि कुणाला उपद्रव होत नसेल तर दहन हा गुन्हा नाही, असं न्यायमूर्ती स्टीफन यांनी सांगितलं. भारताचा १८७२ चा पुरावा कायदा लिहिणारे स्टीफन ते हेच. कॅथलिक चर्चने मात्र १९६३ मध्ये बंदी उठवली.

आपल्याकडे वाद निराळे होते. मुंबईत सोनापूरची स्मशानभूमी शिवडीला हलवायचा सरकारचा बेत होता, तो नाना शंकरशेटांच्या विरोधामुळे बारगळला. भट्टी इथे आली ती लाकूड, धूर आणि नद्यांच्या काळजीतून. १९८६ च्या गंगा कृती योजनेत काठावरच्या शहरांत विद्युतदाहिन्या बांधल्या गेल्या. मृतदेह गिधाडांसाठी ठेवणाऱ्या मुंबईच्या पारशी समाजात, गिधाडं नाहीशी झाल्यावर, काही कुटुंबं दहनाकडे वळली. वरळीच्या स्मशानभूमीत २०१५ पासून त्यांच्यासाठी प्रार्थनागृह आहे. रतन टाटांचे अंत्यसंस्कार १० ऑक्टोबर २०२४ रोजी तिथल्याच विद्युतदाहिनीत झाले.

आज शहरातल्या कुटुंबापुढे लाकडाचं सरण, शेणी, विद्युतदाहिनी, गॅसदाहिनी असे मार्ग असतात. सरणाला साधारण तीनशे किलो लाकूड लागतं आणि राख सावडायला दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जावं लागतं. दाहिनीत दीड-दोन तासांत काम होतं, अस्थी बहुधा त्याच दिवशी हातात येतात. पेसमेकर असेल तर तो आधी काढून घ्यावाच लागतो, उष्णतेने त्याचा स्फोट होतो. दवाखान्यातलं किंवा घरी आलेल्या डॉक्टरांचं मृत्यूचं प्रमाणपत्र नसेल तर कुठल्याच ठिकाणी पुढचं पाऊल पडत नाही.

खरी अडचण मनाची असते. ‘भडाग्नी कसा द्यायचा?’ हे दाहिनीच्या दाराशी उभं राहिल्यावर सुचतं. मडकं खांद्यावर घेऊन फेऱ्या होतात, छातीवर पेटता कापूर ठेवला जातो, मग रुळांवरची ट्रॉली आत सरकते आणि लोखंडी दार खाली येतं. सरण पेटताना लांबून बघत थांबता येतं. इथे दार मिटतं आणि संपतं. ज्यांना ते सोसत नाही त्यांना मागास ठरवणं मला पटत नाही. पण म्हाताऱ्या माणसाला जिवंतपणी विचारावं, ‘आई, तुला कसं आवडेल?’ बहुतेक वेळा ती मोकळेपणाने सांगते, आणि पोरांची त्या दिवशीची भांडणं टळतात.

कोल्हापुरात पंचगंगेच्या स्मशानभूमीत महापालिका अंत्यसंस्कार मोफत करते आणि गावोगावचे लोक, तालमी, मंडळं शेणी दान करतात. होळीच्या सुमारास ट्रॉल्या भरून शेणी येतात. कुणाच्या दारातल्या गाईम्हशींच्या शेणाच्या शेणी कुणाच्या चितेला लागतात, हे देणाऱ्यालाही माहीत नसतं. रक्षाविसर्जनाला सकाळी लवकर गेलं तर राख आत अजून कोमट लागते. तिच्यावर पाणी शिंपडून बायाबापड्या अस्थी वेचतात, मडक्यात भरतात. उरलेली राख पूर्वी नदीतच जायची. आता कुणी ती पोत्यात भरून शेतावर नेतं, बांधावर खड्डा घेतलेला असतो, त्यात आंब्याचं रोप लावून ती मुळाशी ओततात.