गाडीच्या काचेवरची साखर

आंब्याला मोहोर आला की ठाण्यात नौपाड्यात, पाचपाखाडीत झाडाखाली गाडी लावणाऱ्यांची ठरलेली कटकट सुरू होते. सकाळी काचेवर बारीक, चिकट ठिपके. डिंक असेल म्हणून कुणी पेट्रोलचा बोळा फिरवतं, पण त्याने काही होत नाही. साध्या पाण्याने ओलं केलेलं फडकं मात्र काम करतं, कारण ती साखर असते. मोहोरावर बसलेल्या तुडतुड्यांची ती विष्ठा.

तुडतुडे, मावा, पिठ्या ढेकूण, पांढरी माशी, खवले कीड ही सगळी एकाच गोतावळ्यातली. सुईसारखी सोंड ते थेट झाडाच्या रसवाहिनीत घालतात. पानांत तयार झालेली साखर याच वाटेने फळांकडे आणि मुळांकडे जाते, तीही चांगल्या दाबाखाली. केनेडी आणि मिटलर या शास्त्रज्ञांनी 1953 साली रस पीत असलेल्या माव्याची सोंड कापून किडा बाजूला केला, तर खोडात रुतलेल्या तुकड्यातून रस आपसूक गळत राहिला. म्हणजे माव्याला ओढून प्यायचे फारसे कष्टच नाहीत.

मग एवढी साखर टाकून का द्यायची? कारण भूक साखरेची नसतेच. वाढायला आणि पिल्लं घालायला प्रथिनं लागतात, आणि ती ज्यांपासून बनतात ती अमिनो आम्लं या रसात अगदी जेमतेम. त्यातली काही तर माव्याच्या शरीरात राहणारे बुखनेरा नावाचे जिवाणू त्याला बनवून देतात. तरीही पुरेसं मिळवायचं तर रस ढोसावाच लागतो, आणि त्याबरोबर नको असलेली साखरही पोटात जाते.

ती नुसती नकोशी नाही, धोक्याची आहे. कैरीच्या फोडींना मीठ लावलं की पाणी सुटतं, तसं आतड्यातला दाट रस किड्याच्याच अंगातलं पाणी खेचू लागतो. यावरची माव्याची युक्ती मला फार आवडते. पाण्याची ही ओढ साखरेच्या वजनावर नाही, रेणूंच्या संख्येवर ठरते. माव्याच्या आतड्यातलं विकर (एन्झाइम) साखरेचा रेणू तोडून फ्रुक्टोज आणि ग्लुकोज वेगळं करतं. फ्रुक्टोज शोषलं जातं आणि ग्लुकोजचे बरेचसे रेणू एकमेकांना जोडून लांब साखळ्या होतात. साखर बरीचशी तीच, पण रेणू कमी, म्हणून ओढही कमी. त्यामुळे बाहेर पडणाऱ्या थेंबात झाडाच्या रसात नसलेल्या शर्कराही सापडतात.

हे बघायचं तर येऊरच्या बाजूला रस्त्याकडेची रुई शोधा. कोवळ्या शेंड्यावर काळ्या पायांचा पिवळाधमक मावा दाटीने बसलेला असतो. भिंग धरलं की एखाद्याच्या मागच्या टोकाला काचेसारखा थेंब फुगताना दिसतो, आणि तो पाय झटकून थेंब उडवून देतो. नाही उडवला तर आपल्याच चिकट्यात अडकून मरायचा! मुंगी जवळ असेल तर प्रकार वेगळा. ती मिशांनी माव्याच्या पाठीवर टकटक करते, थेंब बाहेर येतो आणि ती तो तिथल्या तिथे पिऊन टाकते.

मुंग्यांच्या तावडीतून सुटलेला चिकटा पानांवर पडतो आणि त्यावर काळी बुरशी वाढते. ती पानात शिरत नाही, बोटाने पुसली तरी निघते. पण ऊन अडवते, म्हणून झाडाचं नुकसान होतंच. तुर्कस्तानात मात्र पाइनवरच्या खवले किडीचा हाच चिकटा मधमाश्या गोळा करतात आणि तो मध म्हणून विकला जातो.

गॅलरीतल्या जास्वंदीवर पिठ्या ढेकूण दिसले तर आधी कुंडीवर चढणाऱ्या मुंग्यांची वाट अडवा. गोडाच्या लोभाने त्या ढेकणांची राखण करतात आणि त्यांना खायला आलेल्या लेडीबर्ड भुंग्यांना हुसकावून लावतात. मग ढेकूण पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने पाडा. विषारी औषध शक्यतो नकोच. त्याने ते भुंगेही मरतात.