नांगर, अंगठा आणि एक हजार चोवीस कप्पे

मराठेशाहीतल्या जुन्या वतनाच्या कागदांवर पाटलाच्या नावाशेजारी छोटासा नांगर काढलेला दिसतो. ‘निशाणी नांगर’. ज्याला लिहिता येत नाही त्याने आपल्या धंद्याचं चित्र काढायचं. बाईची सही असेल तर बांगडी. दिसायला गोड, पण पुरावा म्हणून अगदीच लेचीपेची पद्धत. नांगर कुणीही काढू शकतो. हा नांगर मागे पडून ‘निशाणी डाव्या हाताचा अंगठा’ कधी आली, हा प्रश्न मला खरेदीखतं चाळताना नेहमी पडायचा. त्याच्या उत्तराची एक वाट थेट बंगालमध्ये जाते.

१८५८ साली बंगालमधल्या जंगीपूरला विल्यम हर्शेल नावाचा तरुण इंग्रज अधिकारी रस्त्यासाठी मुरूम पुरवण्याचा करार करत होता. समोरचा ठेकेदार राज्यधर कोनाई. उद्या हा माणूस ‘ही सही माझी नाहीच’ म्हणेल, ही हर्शेलची भीती. त्याने सरकारी शिक्क्याची शाई कोनाईच्या तळहाताला फासली आणि कराराच्या मागे पंजा उमटवून घेतला. यात विज्ञान काही नव्हतं, हेतू निव्वळ दरारा बसवण्याचा होता. पण हर्शेलला नाद लागला. तो स्वतःचे आणि ओळखीच्यांचे ठसे वर्षानुवर्षं घेत राहिला आणि त्याच्या ध्यानात आलं, की माणूस म्हातारा होतो, रेघा तशाच राहतात. १८७७ मध्ये हुगळीला त्याने पेन्शनवाले, कैदी आणि दस्तनोंदणी यांच्यासाठी बोटांचे ठसे सुरू केले. मेलेल्या माणसाची पेन्शन दुसऱ्याच कुणी येऊन उचलण्याचे प्रकार तेव्हा सर्रास चालत.

या रेघा बनतात आईच्या पोटात, साधारण दहाव्या आठवड्यापासून. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनाने त्यामागची गंमत दाखवली. बोटाच्या टोकावर तीन जागांहून रेघांच्या लाटा निघतात: पेराच्या मधल्या गादीपासून, नखाखालून आणि सांध्याच्या घडीपासून. कुठली लाट आधी निघाली, कुठे कुणाला भिडली, यावर नक्षी ठरते. त्या वेळी गादी किती फुगीर होती, बोट किती वाढलं होतं, अशा बारीकसारीक गोष्टींनी फरक पडतो. म्हणून एकाच अंड्यातून झालेल्या जुळ्यांचा डीएनए जवळपास सारखा असला तरी ठसे वेगळे.

तर ठसे वेगळे असतात आणि बदलत नाहीत, एवढं १८९० च्या सुमारास बऱ्याच जणांना पटलं होतं. पण पोलिसांना त्याचा उपयोग काय? समजा कचेरीत लाखभर गुन्हेगारांचे कागद आहेत. आज पकडलेला माणूस नाव खोटं सांगतोय. त्याचा जुना कागद शोधायचा कसा? एकेक ठसा भिंगाखाली धरत बसलं तर जन्म जाईल. ठसा वेगळा असणं ही एक गोष्ट आणि तो सापडणं ही अगदीच दुसरी, आणि माझ्या मते खरी कमाल दुसऱ्या गोष्टीत आहे.

ती केली कलकत्त्यात, बंगाल पोलिसांचे प्रमुख एडवर्ड हेन्री यांच्या हाताखालच्या दोन माणसांनी. अझीझुल हक हे गणित शिकलेले आणि हेमचंद्र बोस त्यांचे सहकारी. लहानपणी आपण बोटांवरची शंख-चक्रं मोजायचो ना, दहा चक्रं म्हणजे राजयोग वगैरे? यांनीही चक्रंच मोजली. दहा बोटांना उजव्या अंगठ्यापासून क्रमांक दिले. पहिल्या दोन बोटांना १६ गुण, पुढच्या दोनांना ८, मग ४, २ आणि शेवटच्या दोनांना १. बोटावर चक्र, म्हणजे गोल गोल फिरणाऱ्या रेघा, असेल तरच गुण धरायचे. शंख (वळून त्याच बाजूला परतणाऱ्या रेघा) किंवा कमान (एका बाजूने येऊन दुसरीकडे जाणाऱ्या रेघा) असेल तर शून्य. सम क्रमांकाच्या बोटांची बेरीज अधिक एक, ही वर लिहायची. विषमांची बेरीज अधिक एक, ही खाली. समजा उजव्या अंगठ्याला आणि उजव्या अनामिकेला चक्र आहे, बाकी कुठे नाही. अंगठा विषम, त्याचे १६. अनामिका सम, तिचे ८. माणसाचा पत्ता झाला ९/१७.

वर ३२ शक्यता, खाली ३२. बत्तीस गुणिले बत्तीस, म्हणजे १,०२४ कप्पे. दहा बोटं, प्रत्येकाचं उत्तर हो किंवा नाही: आज संगणकवाले ज्याला दहा बिट म्हणतील, ते या दोघांनी लाकडी कपाटात बसवलं. सगळे कप्पे सारखे भरत नाहीत, कारण शंख सर्वांत जास्त आढळतात. गर्दीच्या कप्प्यांत मग रेघा मोजून पोटविभाग पाडावे लागत.

१८९७ मध्ये कलकत्त्यात ठशांचं केंद्र उघडलं. वर्षभरातच जलपायगुडीच्या चहामळ्यातल्या व्यवस्थापकाच्या खुनाचा खटला उभा राहिला. लुटलेल्या पेटीत एक बंगाली पंचांग होतं, त्यावर तपकिरी डाग. त्यातला एक ठसा जुन्या नोकराच्या उजव्या अंगठ्याशी जुळला. त्याला आधी चोरीची शिक्षा झालेली असल्यामुळे कागद केंद्रात तयार होता. न्यायालयाने त्याला चोरीसाठी दोषी धरलं, खुनासाठी नाही. हा निकाल मला शहाणपणाचा वाटतो. ठसा एवढंच सांगतो की बोट इथे टेकलं होतं. गळा कुणी चिरला, हे तो सांगत नाही.

१९०१ मध्ये हेन्री लंडनला गेले, तिथल्या पोलिसांच्या मुख्यालयात, स्कॉटलंड यार्डात, ठसे विभाग सुरू झाला आणि पद्धतीला जगभर नाव पडलं ‘हेन्री पद्धत’. साहेबाचं नाव लागलं, हक आणि बोस खानबहादूर आणि रायबहादूर झाले. हकसाहेबांचा वाटा हेन्रींनी पुढे लेखी मान्य केला, तोवर नाव जगाच्या तोंडात बसलं होतं.

या कपाटात एक मोठी खोट होती. पत्ता काढायला दहाही बोटं लागत. चोर मात्र खिडकीच्या काचेवर एखादंच बोट ठेवून जातो, तेही अर्धवट आणि न दिसणारं. न दिसणारं दिसतं करायला रसायनशास्त्र आलं: कागदावरच्या घामातल्या अमिनो आम्लांना जांभळा रंग देणारं निनहायड्रिन, किंवा सुपरग्लूची वाफ, जी ठशावर बसून पांढरी रेघ उठवते. पण तो एकटा ठसा कुणाचा, हे संशयित हाती असल्याशिवाय सहसा सांगता येत नसे. संगणकाने ही अडचण सोडवली. रेघ कुठे संपते, कुठे फुटते, या खुणांवरून तो लाखो ठसे चाळतो. भारतात २०२२ पासून ‘नॅफिस’ ही देशव्यापी यंत्रणा हेच काम करते.

आता गोम अशी, की ढीग जितका मोठा, तितका त्यात जवळपास तसाच दिसणारा ठसा सापडण्याचा संभव जास्त. २००४ मध्ये माद्रिदच्या रेल्वे स्फोटांनंतर स्फोटकांच्या पिशवीवरचा एक अर्धवट ठसा अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेने आपल्या साठ्यातल्या ठशांशी ताडून पाहिला. यंत्राने काही नावं पुढे केली, त्यात ओरेगनमधला एक वकील होता. तज्ज्ञांनी एकामागून एक ‘जुळतो’ म्हटलं. न्यायालयाने नेमलेल्या तटस्थ तज्ज्ञानेही. स्पॅनिश पोलीस पहिल्यापासून साशंक होते आणि शेवटी त्यांना तो ठसा एका अल्जीरियन माणसाचा असल्याचं आढळलं. तोवर वकिलाने कोठडीत दोन आठवडे काढले होते. एफबीआयने माफी मागितली, सरकारने २० लाख डॉलर भरपाई दिली. दोन माणसांचे ठसे हुबेहूब एक निघाले, असं झालं नव्हतं. पुसट ठशात पहिल्या तज्ज्ञाने जे पाहिलं, तेच पुढच्यांना दिसू लागलं. म्हणून आता काळजी घेणाऱ्या प्रयोगशाळांत दुसऱ्या तज्ज्ञाला पहिल्याचं मत सांगत नाहीत.

आणि यंत्र जुळवतं तसं नाकारतंही. रेशन दुकानात ‘मावशी, अंगठा उमटत नाही, पुसून परत ठेवा’ हे वाक्य सगळ्यांनी ऐकलंय. वीटभट्टीवर, सिमेंटच्या कामावर वरच्या कातडीतल्या रेघा झिजून सपाट होतात. त्यांचा साचा मात्र खालच्या थरात शाबूत असतो. हात काही आठवडे विसावले, की त्याच रेघा, त्याच वळणांनी पुन्हा वर येतात.